सासूबाईंची अपॉइंटमेंट

त्या बुधवारी सकाळची पहिली अपॉइंटमेंट एका नव्या बाईंची होती. फोनवर त्यांनी नुसतं आडनाव सांगितलं होतं. आवाज असा, की बातम्या द्याव्यात: स्वच्छ, ठाम, एक शब्द वाया नाही. 'असा आवाज असणाऱ्या बाईला लाइफ कोच कशाला हवा?' असं तिच्या, म्हणजे लाइफ कोचच्याच, मनात येऊनसुद्धा गेलं. चष्म्याच्या दुकानावरची ती एवढीशी खोली तिनं झाडून घेतली, किटलीत पाणी उकळत ठेवलं आणि दोन्ही खुर्च्या जरा तिरप्या केल्या. अगदी समोरासमोर बसवलं की माणसाला इंटरव्ह्यूला आल्यासारखं वाटतं आणि तो खोटं बोलायला लागतो, हा तिचा अनुभव. दार वाजलं. तिनं उघडलं.

दारात तिच्या सासूबाई उभ्या होत्या.

अंगावर ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून बसवलेले, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. थोड्या वेळापूर्वीच ती त्यांना घरी भाजी निवडताना सोडून आली होती.

"आई! काय झालं? चिमणी बरी आहे ना?" आधी लेकीचंच नाव तिच्या तोंडी आलं.

"सगळे बरे आहेत. माझी वेळ ठरलीय." सासूबाई जिना चढून थोड्या धापत होत्या. "माहेरच्या आडनावानं घेतली. आत येऊ का, मॅडम?"

'मॅडम' ऐकून तिला हसू येणार होतं, पण सासूबाईंचा चेहरा बघून ते ओठांवरच विरलं. त्या आत आल्या, खुर्चीच्या टोकाशी बसल्या आणि खोलीभर नजर फिरवली. सून इथं काम करायला लागून बरीच वर्षं झाली होती, पण घरातलं कुणी या खोलीत कधी फिरकलं नव्हतं. तिच्या कामाबद्दल घरात सगळा आनंदच होता. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर इंजिनिअर. पाणी कुठून कुठं जातं ते त्याला नेमकं ठाऊक, पण बायको दिवसभर काय करते ते विचारलं की म्हणायचा, "लोकांशी बोलते." नणंद तर चारचौघांत सांगायची, "आमची वहिनी बोलायचे पैसे घेते. आम्ही वेड्या, जन्मभर फुकट बोललो!" आणि सासूबाई शेजारणींना सांगत, "सून ऑफिसात असते." विषय तिथंच संपायचा.

तिचं काम तसं सांगायला सोपं होतं. माणसं तिच्याकडं मनात काहीतरी धरून यायची. कुणाला स्वतःचं दुकान काढायचं असायचं, कुणाला पन्नाशीत पदवी घ्यायची, एका न्हाव्याला तर उभा डोंगर चढून जायचा होता. ती त्यांना प्रश्न विचारायची, छोटी छोटी कामं लावून द्यायची आणि ती केली की नाही ते न चुकता विचारायची. न्हावी डोंगर चढून आला तेव्हा तिच्यासाठी वरचा एक दगड घेऊन आला होता.

"बोला," चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवत ती म्हणाली. दुसरं काही सुचेना.

"मला एकटीनं राहायचंय," सासूबाई म्हणाल्या.

खाली स्टॉपवर बस येऊन थांबली, दारं उघडली, मिटली, बस गेली.

"आमचं काही चुकलं का, आई?"

"हा प्रश्न सुनेचा झाला," सासूबाई म्हणाल्या. "मॅडम काय विचारतील?"

तिनं खुर्ची जरा पुढं ओढली. "एकटं राहायचं म्हणजे नेमकं काय हवंय तुम्हाला?"

मग सासूबाई बोलायला लागल्या. आधी अडखळत, मग धरण फुटावं तशा. "बापाच्या घरातनं नवऱ्याच्या घरात आले, नवरा गेल्यावर त्याचं घर मुलाचं झालं. मधे कुठं वीतभर जागा माझी अशी नव्हती. नोकरी केली, पण तिथून सुटले की धावत घरी. मला सकाळी उठून कुणालाही न विचारता एकच कप चहा टाकायचाय. किंवा टाकायचाच नाहीये. दुपारी चार वाजता आंघोळ करायचीय. कुणी बघत नसताना मी कशी असते, ते मला ठाऊकच नाही हो. तुम्ही वाईट असता तर सोपं होतं. वाईट माणसांना सोडून जाता येतं. चांगल्या माणसांना सोडून जायचं तर तोंडाला कारण सापडत नाही."

सून ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांसमोर निराळंच चित्र उभं राहिलं होतं. सुनेनं सासूला घराबाहेर काढलं. आणि सून कोण, तर लोकांची आयुष्यं मार्गी लावणारी! नणंदेच्या हाती आयतं कोलीत. सगळ्या नातेवाइकांत तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

"आई, मी नात्यातल्या माणसांना घेत नाही. नियम आहे माझा. माझ्या ओळखीच्या एक फार चांगल्या बाई आहेत..."

"ठाऊक आहे. डॉक्टरसुद्धा घरच्यांवर सुरी चालवत नाही." सासूबाईंनी पर्स मांडीवरून उचलून खाली ठेवली, म्हणजे मुक्काम ठोकला. "पण परक्या बाईसमोर माझी जीभ उचलायची नाही. तुझ्यासमोर एवढं बोलले, त्यालाच महिना गेला तयारीत. आणि एक सांगू? तुझ्याकडनं माणसं जाताना बघितलीत मी. खाली स्टॉपवर बसून. चढताना खांदे पडलेले असतात, उतरताना नसतात."

हे ऐकल्यावर तिला नाही म्हणवेना. पण तिनं दोन गोष्टी स्पष्ट केल्या. इथलं बोलणं घरी जाणार नाही, आणि ती त्यांच्या वतीनं कुणाशीही एक शब्द बोलणार नाही. ना मुलाशी, ना लेकीशी.

"कबूल," सासूबाई म्हणाल्या आणि थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

त्यानंतर दर बुधवारी दोघींचं मोठं नाटक व्हायचं. घरी 'आई' आणि 'अगं', इथं 'तुम्ही' आणि 'मॅडम'. रात्री जेवताना सासूबाई "मीठ दे गं" म्हणायच्या आणि सून मान वर न करता मीठ द्यायची. नवऱ्यानं एकदा विचारलं, "आई हल्ली बुधवारी नटून कुठं जाते?" ती म्हणाली, "त्यांनाच विचार की." त्यानं काही विचारलं नाही. आईला काही विचारायचं असतं, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

"कशाची भीती वाटते?" तिनं एकदा विचारलं. चोर, आजारपण, पाय घसरून पडणं, असं काहीतरी येईल म्हणून ती तयारीत होती.

"मुलाच्या तोंडाची," सासूबाई म्हणाल्या. "तो भांडणार नाही. नुसता बघेल. लहानपणी शाळेत सोडून यायचे तेव्हा बघायचा तसा. त्यात मी विरघळते."

पहिलं काम ठरलं ते एखाद्या हॉटेलात एकटीनं बसून खायचं. सासूबाई गेल्या, सूप मागवलं आणि आजूबाजूची टेबलं बघून इतक्या बावरल्या, की ते बांधून घेऊन घरी आल्या. पिशवीत सूप सांडलं ते निराळंच. पुढच्या खेपेला त्या बसल्या. वेटरनं विचारलं, "अजून कुणी येणारय का?" त्यांनी सांगितलं, "कुणी नाही. मीच यायची होते, ती आले." हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. सून इतकी हसली, की खालच्या चष्मेवाल्यानं दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारलं, "काल काय विशेष होतं?"

मग खोली शोधणं आलं. सोबत जायचं नाही, हे सुनेनं आधीच ठरवलं होतं. सासूबाईंनी गल्लीबोळ पालथे घातले. एक खोली अंधारी, एकीला नळ बाहेर, एकीच्या मालकाला 'फॅमिली'च हवी. शेवटी तिसऱ्या मजल्यावरची एक त्यांच्या मनात भरली. दोन खिडक्या, ओट्यावर भरपूर उजेड, खाली पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान, त्यामुळे जिन्याला खळीचा वास. पण घरमालकीणबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "मुलगा असताना खोली? सुनेनं काढलं वाटतं. काय बाई दिवस आलेत!"

सासूबाई तिथून तशाच परतल्या. बुधवारी आल्या त्या साध्या घरातल्या कपड्यांवर. म्हणाल्या, "राहू दे. म्हातारपणी नसतं खूळ घेतलं डोक्यात. एक जण बोलली, उद्या शंभर बोलतील. तुला नसता ताप."

ते ऐकून तिला हायसं वाटलं. अगदी मोकळा श्वास घेतल्यासारखं. आणि हायसं वाटलं हे कळल्याबरोबर तिची तिलाच लाज वाटली. समोरचं माणूस हातातली दोरी सोडत होतं आणि कोच म्हणवणारी ती मनातल्या मनात पेढे वाटत होती! ती उठून खिडकीशी गेली, उगाचच पडदा सारखा केला आणि परत येऊन बसली. स्वतःतल्या सुनेला तिनं पडद्यापाशीच उभं ठेवलं.

"तुम्ही शेवटचं 'नाही' कधी म्हणालात कुणाला?"

"मी? मी कुठं कुणाला नाही म्हणते?"

"आठवा."

सासूबाईंनी बराच विचार केला. मग एकाएकी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "नोकरीत. रोज म्हणायचे."

त्या एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या, हे सुनेला माहीत होतं. पण आपल्याला एवढंच माहीत आहे, हे तिला आत्ता कळलं.

"कसं म्हणायचात?"

सासूबाई ताठ बसल्या. पाठ सरळ, हनुवटी किंचित वर. "साहेब आत्ता बोलू शकत नाहीत. निरोप असेल तर सांगावा, नसेल तर मी लाइन सोडते."

खोलीत जणू दुसरीच बाई येऊन बसली. फोनवरचा, अपॉइंटमेंट घेणारा तो आवाज हाच. घरात आठही प्रहर कानावर पडणारा सासूबाईंचा आवाज तिनं फोनवर ओळखला नव्हता तो उगाच नाही. हा आवाज त्यांनी घरी कधी आणलाच नव्हता.

"मंत्र्याचा फोन असो नाहीतर कुणा डॉक्टरची आरडाओरड," सासूबाई रंगात येऊन सांगू लागल्या, "माझा सूर इकडचा तिकडं व्हायचा नाही. एका बड्या सर्जननं मला 'मूर्ख' म्हटलं. मी म्हटलं, 'आपलं बोलणं झालं असेल तर मी पुढचा फोन घेते, रांगेत एक बाळंतीण आहे.' संध्याकाळी स्वतः खाली येऊन माफी मागून गेला."

"मग हा आवाज घरी का नसतो?"

"घरी कुठं ऑपरेटर लागते? घरी आई लागते."

"आणि खोली कुणाला हवीय?"

सासूबाईंनी खाली वाकून पर्स उचलली. वेळ संपायची होती अजून, पण त्या उठल्याच. "मी जाऊन येते," एवढंच म्हणाल्या.

त्या थेट तिसऱ्या मजल्यावर गेल्या. काय झालं ते पुढच्या बुधवारी त्यांनी उभ्यानंच सांगितलं, बसायचं भान नव्हतं. घरमालकीणबाईंनी दार उघडल्याबरोबर त्या म्हणाल्या होत्या, "मला कुणीही काढलेलं नाही. मी निघालेय. आपल्याला खोली द्यायची आहे की नाही, तेवढं सांगा. नसेल तर मी दुसरीकडं बघते." घरमालकीणबाईंच्या हातातला झारा तसाच वर राहिला. मग त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "आत तर या. गॅसवर काहीतरी आहे माझं."

"किल्ली दिली!" सासूबाईंनी मूठ उघडून दाखवली. मुठीत किल्लीचा ठसा उमटला होता, इतकी घट्ट धरून आणली होती.

घरी सांगायचं ते येत्या रविवारी, असं त्यांनी ठरवलं. पण नणंद शाळेत शिकवायची, आणि घरमालकीणबाईंची भाचीही त्याच शाळेत शिक्षिका होती. तोंडाला कुलूप लावता येतं, भाच्यांना नाही. शनिवारी दुपारी नणंद वादळासारखी आली. चपलासुद्धा दारात काढल्या नाहीत.

"वहिनी, खरं सांग. आईसाठी खोली बघितलीस तू?"

नवरा पंखा दुरुस्त करायला स्टुलावर चढला होता, तो तिथंच थिजला. "कुणासाठी खोली?"

"आपल्या आईसाठी! तिसऱ्या मजल्यावर, एकटीला! सगळ्या शाळेत झालंय. लोकांची घरं सुधारता सुधारता आपलंच मोडायला निघाली ही. म्हातारं माणूस डोळ्यांत खुपतं, दुसरं काय!"

नवरा स्टुलावरून उतरला. "तुला माहीत होतं?"

"हो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"ते मी नाही सांगू शकत."

तिला एका वाक्यात सुटता आलं असतं. 'मी नाही, त्याच म्हणाल्या' एवढं म्हटलं की झालं. वाक्य अगदी जिभेच्या टोकाशी होतं. नणंद बोलत होती, नवरा बघत होता, चिमणी दाराआडून डोकावत होती, आणि स्वयंपाकघरात नळ जोरात सोडलेला ऐकू येत होता. तिनं दात घट्ट आवळून धरले. आपण आत्ता बोललो तर सासूबाईंनी आजवर जे कमावलंय ते आपण त्यांच्या हातून काढून घेऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग नणंद 'तुझं शिक्षण, तुझी ती खोली' करत जे काही म्हणाली ते तिनं उभ्यानं ऐकून घेतलं.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. पदार्थ करपू नये म्हणून गॅस बंद करून आल्या असणार, कारण त्यांना अजिबात घाई नव्हती. लेकीकडं बघून म्हणाल्या, "तुझं बोलणं झालं असेल तर मी बोलते."

नणंदेचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हा सूर तिनं जन्मात ऐकला नव्हता.

"खोली मी बघितली. भाडं माझ्या पेन्शनीतनं जाणार. मी एकटी राहणार, कारण मला राहायचंय. कुणी काढलेलं नाही, कुणी छळलेलं नाही. आणि हिला बोल लावायचा नाही. हिनं मला एकदासुद्धा 'जा' म्हटलं नाही. 'थांबा' पण म्हटलं नाही. दुसरं जास्त अवघड होतं, मला दिसत होतं."

मग त्या मुलाकडं वळल्या. तो बघत होता. तसाच, शाळेच्या फाटकातून बघावं तसा. सासूबाईंचा खालचा ओठ थरथरला.

"असा बघू नकोस," त्या म्हणाल्या. "बघितलंस तरी मी जाणारय."

"काय कमी केलं आम्ही तुझं?" त्याचा आवाज चिरकला.

"काही नाही रे. काही कमी नाही केलंत. पोट भरलंय माझं. पोट भरल्यावर माणूस ताटावरून उठतो, त्यात वाढणाऱ्याचा अपमान नसतो."

मग नणंद मटकन खुर्चीवर बसली आणि रडायला लागली, आणि सासूबाईंनी तिला पाणी दिलं, पण आपलं एक अक्षर मागं घेतलं नाही.

सगळ्यात जास्त रुसली ती चिमणी. आजीच्या कुशीत झोपायची सवय. तिनं आजीशी बोलणंच टाकलं. सासूबाई कितीदा तरी तिच्या दाराशी जाऊन आल्या. पण तिची समजूत काढायला म्हणून त्यांनी बेत मोडला नाही, आणि बुधवारी चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून त्या पहिल्यांदाच रडल्या. सुनेनं त्यांना रडू दिलं.

नवऱ्याचंही तसंच. बरेच दिवस घरात नुसता वावरत होता. मग एका सकाळी तो हत्यारांची पेटी घेऊन बाहेर पडला आणि संध्याकाळी कपड्यांवर चुन्याचे डाग घेऊन परत आला. "तिकडचा नळ गळत होता," जेवताना ताटाकडं बघत म्हणाला. "आणि दाराला आतून कडी चांगली नव्हती. बसवून आलोय." सासूबाईंनी त्याला वाढता वाढता त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

सामान जायचं होतं त्या दिवशी चिमणी अचानक उठली, आजीची उशी छातीशी धरून टेम्पोत जाऊन बसली आणि खोलीवर पोचेपर्यंत ती कुणाच्या हाती दिली नाही. नणंद पडदे शिवून घेऊन आली. पडद्यांची लांबी कमी पडली, त्यावरून ती आणि घरमालकीणबाई अशा भांडल्या, की संध्याकाळपर्यंत दोघी मैत्रिणी झाल्या.

सगळे निघताना सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "यायचं असेल तेव्हा आधी फोन करत जा," त्यांनी बजावलं. "मी घरात असेनच असं नाही."

पुढच्या दोन बुधवारी त्या आल्याच नाहीत. तिसऱ्या बुधवारी सुनेला राहवेना. काम आटोपून, फोनबिन न करता, ती पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानावरून जिना चढू लागली. पडल्याबिडल्या तर नसतील? एकटेपणा खायला उठला असेल तर? तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायऱ्या ती दोन दोन करत चढली.

आणि दारामागून गाणं ऐकू आलं.

रेडिओ नव्हता. सासूबाई गात होत्या. मोकळ्या गळ्यानं, बेसूर, मधेच शब्द विसरून "ल ल ल" करत, पुन्हा सापडले की दुप्पट जोरात. एवढ्या वर्षांत तिनं त्यांना गुणगुणतानासुद्धा ऐकलं नव्हतं. बेलवर गेलेला तिचा हात तसाच थांबला. ती जिन्याच्या कठड्याला टेकून ऐकत राहिली. वरच्या पट्टीत आवाज चांगलाच फाटला, तरी बाईंनी तान सोडली नाही, ओढत ओढत ती पार शेवटाला नेली. सुनेला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

शेवटी तिनं बेल दाबली.

गाणं थांबलं. "कोण?"

"मी, आई!"

"थांब गं जरा," आतून खणखणीत आवाज आला. "एक कडवं राहिलंय."